अर्धा तांब्या गरम पाणी

गाडी गावात शिरून थांबली की सुपडूनाना आधी कोणाशीही बोलत नसत. समोर पाटील हार घेऊन उभे असोत, मास्तरांनी पोरे ओळीत उभी करून स्वागताचे गाणे सुरू केलेले असो, नाना खाली उतरत, खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारत आणि गाडीभोवती एक फेरी घालत. प्रत्येक चाकाच्या मधल्या तुंब्यावर उजव्या हाताचा पालथा पंजा टेकवून क्षणभर डोळे मिटून थांबत. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावते, तसे. चारही चाके थंड लागली की म्हणत, "बठ्ठं थंड शे," आणि मग पाटलांकडे वळून हात जोडत, "हं, रामराम."

यावल तालुक्यातल्या एका गावी पाटलांनी विचारले, "नाना, हे कोन्या देवाची पूजा म्हना?"

"चाकदेवनी," नाना म्हणाले. "हाऊ रुसना ते आम्ही दोन्ही जन महिनाभर तुमनाच घर जेवाले."

"मंग चांगला हात लावा बाप्पा," पाटील म्हणाले, आणि सगळा घोळका हसला.

नानांना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहायचे मी पुष्कळ दिवस टाळले. त्यांच्याविषयी खरे लिहायचे म्हणजे मला माझ्याविषयीही खरे लिहावे लागते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. फैजपूरजवळच्या आमच्या खेड्यात मी पदवी घेऊन उतरलो, तेव्हा भाऊबंद मला पाहायला असे आले, जणू मी काही दिवस दुसऱ्याच माणसाच्या कातडीत राहून आलो होतो. मला जळगावच्या एका शेतकी संघात प्रचारकाची नोकरी लागली. पहिले वर्ष उमेदवारीचे होते. संघाचे नाव इथे लिहीत नाही, कारण या गोष्टीत दोष संघाचा नव्हता.

संघाने लढाईतली एक जुनी लष्करी लॉरी विकत घेऊन तिच्या पाठीवर लाकडी खोली बांधून घेतली होती. आत दोन बाजूंना दोन फळ्या, त्यांवर आमच्या वळकट्या. एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि हलू नये म्हणून लाकडी चौकटीत अडकवलेला माठ. उरलेल्या जागेत कपाशीवरच्या किडींचे तक्ते, केळीच्या रोगांची चित्रे आणि बरण्यांत बुडवून ठेवलेल्या अळ्या. गाडीची एक बाजू खाली पाडली की तिचे टेबल होई आणि गावकरी त्याच्याभोवती जमत. कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगावहून निघायचे आणि तीन महिने गावोगाव करीत, सातपुड्याच्या कडेने चोपडा, शिरपूर, मग धुळे, साक्री आणि शेवटी चाळीसगावमार्गे परत. खाणे, झोपणे, कपडे वाळवणे सगळे त्या गाडीत. व्याख्यान मी द्यायचे. गाडी चालवायची आणि चालती ठेवायची नानांनी.

निघण्याच्या दिवशी संघाचे चिटणीस आवारात आले. ते म्हणाले, "नाना, गेल्या तिन्ही वेळेला गाडी मध्येच कारखान्यात घालावी लागली. ह्या वेळी कारखान्याचं तोंड न पाहता तिला परत आणा. मंडळानं ठरवलंय, तुम्हाला कायम करायचं आणि ह्या आवारातली ती कोपऱ्याची खोली द्यायची."

नाना फक्त "जी" म्हणाले. पण असोदा मागे पडले तसे ते बोलू लागले. त्यांची बायको सात वर्षे धरणगावला भावाच्या घरी राहत होती. "भाऊना घर म्हंजे भावजयना घर," ते म्हणाले. "तिले सांगी ठेयेल शे, ह्या होळीले आपला चुल्हा मांडसूत." मग थोडा वेळ ते एकटेच हसत राहिले. तेव्हापासून त्या प्रवासात कोठे काही कुरकुरले की मला आधी ती कोपऱ्याची खोली आठवे.

आणि कुरकुर रोजची होती. खानदेशातले रस्ते तेव्हा बैलगाड्यांनी घडवलेले होते. दाराची बिजागरी सुटे, छपराचा पत्रा उचकटे, फळीचा खिळा वर येऊन माझ्या पाठीत टोचे. नाना त्यातले काहीही दुसऱ्या दिवसावर ठेवत नसत. भाकरीचा तुकडा हातात असताना त्यांना एखादा नट ढिला दिसला, तर भाकरी खाली आणि पाना हातात. ते म्हणत, "आजनं काम लहान शे. सकायले तेच मोठं व्हई." आणि दुसरे म्हणत, "गाडी पहिले कुरकुर करस. तवय आयकं नही ते मंग रडस. तवयबी आयकं नही ते बसस. मानूसबी तसाच शे, पन मानूस बसना ते त्याले चार जन उचलतस."

यावलच्या अलीकडे पेट्रोलची टाकी गळू लागली. नानांनी खालून बोट फिरवून भेग शोधली आणि माझ्याकडे साबण मागितला. मी ट्रंकेतून माझा अंगाचा साबण काढून दिला. कॉलेजात लागलेली ती चैन होती. नानांनी तो हुंगला आणि परत केला.

"तुमना वासना साबू नको भाऊ. धोबीना पायजे. टाकीले काही लगीनले जावानं नही."

कपडे धुण्याच्या साबणाचा गोळा मळून त्यांनी भेगेत असा दाबला की ती टाकी शेवटपर्यंत पुन्हा गळली नाही. चोपड्याच्या पुढे इंजिनाच्या एका झाकणाखालची चकती फाटली, तेव्हा त्यांना जाड कागद हवा होता. माझ्याजवळ कॉलेजातल्या वहीचे पुठ्ठ्यासारखे वेष्टन होते. त्यांनी ते झाकणावर धरून हातोडीने कडेकडेने ठोकत अचूक आकार काढला, तेल लावले आणि बसवले.

"चार वरीस तुम्ही यानामा लिखं," ते म्हणाले. "आज हाई कामे उनं."

मला तेव्हा थोडे लागले होते. नाना टोमणा मारून विसरत. मी विसरत नसे.

तरी मला शिकवायची त्यांना हौस होती. स्टोव्हची पिन कशी मारायची, पान्यावर जोर हाताने न देता अंगाने कसा द्यायचा, सुटे केलेले भाग फडक्यावर काढले त्याच क्रमाने का मांडायचे, हे ते मला दाखवत. सगळ्यात आधी शिकवले ते पाणी पाहणे. त्या लॉरीचा उष्णतेचा काटा लष्करातच मेला होता. इंजिन तापले हे चालवणाऱ्याला कळायचे दुसरे साधन नव्हते. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडायचे आणि आत बोट घालायचे. दुसऱ्या पेरापर्यंत ओले झाले तर पाणी पुरे. मी आत डोकावून म्हणालो होतो, "दिसतंय की भरलेलं." आतल्या गंजाचा ओला थर चकाकत होता. बोट घातले तर कोरडे निघाले. नाना म्हणाले, "डोया खोटं बोलस. बोट नही."

दहा-बारा दिवसांनी त्यांनी ते काम माझ्याकडेच दिले. रोज सकाळी विचारत, "पानी देखं का?" मी हो म्हणे. "बोट घालं?" "घातलं." मग ते बसत. गाडी आमच्या गावी गेली तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, नानांना भरीत-पुरीचे जेवण घातले. जेवता जेवता आबा म्हणाले, "शिकला खरा, पन ह्याले काई येत नई नाना."

"येई जाई आबा," नाना म्हणाले. "पानी त्योच देखस. मी आते झाकनले हातबी लावत नही." आबांनी माझ्याकडे पाहिले. पदवीच्या दिवशीही त्यांनी असे पाहिले नव्हते.

रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची एक पितळेची तोटी होती. तिचे आटे झिजले होते आणि तसली लष्करी तोटी खानदेशात मिळत नव्हती. नानांनी सुताचा पीळ साबणात माखून तिच्याभोवती घट्ट गुंडाळला होता. "ह्या तोटीले हात लावानं नही," त्यांनी मला बजावले होते. "ती नवसनी शे." मी ते विसरलो होतो असे म्हणण्याची सोय मला नाही. मला ते चांगले आठवत होते.

धुळ्यात पांझरेच्या काठी आमचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी लळिंगच्या पलीकडे आर्वीला शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि मुंबईहून कोणी मोठे पाहुणे येणार होते. माझे व्याख्यान त्यांच्यासमोर व्हायचे होते. मी धुतलेला कोट काढून ठेवला होता. सकाळी पाहतो तर स्टोव्हच्या पंपाचा चामडी वायसर फाटलेला. नाना म्हणाले, "सांजले कापी देसू," आणि इंजिन सुरू करून, थोडे तापवून, बंद करून ते दाराची बिजागरी आणायला लोहाराकडे गेले.

थंडी कडाक्याची होती. पाण्याला हात लाववत नव्हता. दाढी तर करायची होती. त्या पाहुण्यांसमोर मला खेड्यातला दिसायचे नव्हते. गाडीच्या पोटात कोमट-गरम पाणी तयार होते. मी तांब्या खाली धरला आणि तोटी फिरवली. अर्धा तांब्या पाणी घेतले. तोटी परत फिरवली तेव्हा सुताचे एक टोक बाहेर आले आणि थेंब पडू लागले. मी ते टोक बोटाने आत दाबले. थेंब थांबले. बॉनेटवर आरसा टेकवून मी दाढी केली. गरम पाण्याने ती फार सुरेख झाली.

नाना बिजागरी घेऊन आले, ती बसवली आणि हात पुसत विचारले, "पानी देखं का?"

झाकण उघडले असते तर पाणी कमी दिसले असते. कमी का, हे त्यांनी विचारले असते. गुपचूप वरून भरावे, तर नाना समोर उभे. मला वाटले, अर्ध्या तांब्याने काय होते?

"हो," मी म्हणालो.

"बोट घालं?"

"घातलं."

ते स्टेअरिंगवर बसले.

लळिंगच्या किल्ल्याखालचा चढ फार मोठा नाही. रस्त्यात खडी टाकलेली होती आणि गाडी सारखी हादरत होती. चढाच्या मध्यावर नानांनी मान तिरपी केली. मला काही ऐकू आले नव्हते. मग जळके तेल लागल्यासारखा वास आला. नानांनी तत्काळ इंजिन बंद केले, पण ते बंद होण्याआधीच आतून कर्र असा एक आवाज आला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी खाली उतरून हँडल लावले. दोन्ही हातांनी जोर दिला. हँडल हलले नाही. इंजिन जाम झाले होते.

ते गाडीखाली गेले. मी बाहेर उभा होतो. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सुताचा तो पीळ होता, पूर्ण सुटलेला. ते पुढच्या बाजूला आले. मडगार्डवर माझ्या दाढीच्या साबणाचा फेस वाळून पांढरा डाग पडला होता. त्यांनी तो पाहिला. मग माझ्या गालाकडे पाहिले. किती वेळ पाहिले ते सांगता येत नाही, बहुधा फार नसेल. मग त्यांनी खिशातले फडके काढले, त्यावर थुंकले, आणि तो डाग पुसून टाकला.

"साहेब, तुम्ही सावलीमा बठा," ते म्हणाले.

त्या दिवसापर्यंत मी त्यांचा भाऊ होतो.

लळिंग गावातून बैलांच्या चार जोड्या आणून गाडी परत धुळ्याला ओढत न्यावी लागली. वाटेतले लोक थांबून पाहत होते. एका गाडीवानाने विचारले, "नाना, तुमनं इंजिन घास खास का?" एरवी नानांनी त्याला दोन गावे पुरेल असे उत्तर दिले असते. ते बैलांच्या बाजूने मान खाली घालून चालत राहिले. मी आत, फळीवर बसलो होतो. उतरून त्यांच्याबरोबर चालावे असे वाटत होते आणि उतरवत नव्हते.

कारखान्यात इंजिन उघडल्यावर मिस्त्री म्हणाला की पाण्याविना चालवले आहे, आता महिनाभर तरी गाडी उठत नाही. तिसऱ्या दिवशी चिटणीस चाळीसगावच्या गाडीने आले. कारखान्याच्या ओट्यावर खुर्ची मांडून बसले. नाना समोर उभे होते, मी बाजूला.

"पाणी पाहिलं नव्हतं का नाना?"

"पानी मी देखाले पायजे व्हतं," नाना म्हणाले. "मी देखं नही."

"तीस वर्षं गाडी चालवता तुम्ही."

"जी."

"आणि पाणी पाहिलं नाही."

चिटणीस चांगले गृहस्थ होते. त्यांना हे खरे वाटत नव्हते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही रोज बरोबर असता. तुम्ही काय सांगता?"

नानांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते कारखान्याच्या दाराकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहायला हवे होते एवढे मला समजत होते. माझ्या डोक्यात आबा होते, उमेदवारीचे वर्ष होते, मला निरोप द्यायला आलेले गाव होते. हे सगळे खरे होते आणि त्यातले एकही कारण पुरेसे नव्हते.

"मला यंत्रातलं फारसं कळत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. खोटे मी त्या सकाळीही बोललो होतो, पण ते घाईत. हे मी विचार करून बोललो.

चिटणिसांनी मला अहवाल लिहायला सांगितले. माझे मराठी चांगले होते, त्याच जोरावर ती नोकरी मला मिळाली होती. मी लिहिले, "निघण्यापूर्वी पाणी तपासले गेले नसावे." ते वाचून म्हणाले, "कोणाकडून, ते लिहा." मी लिहिले, "चालकाकडून." खाली सही केली. सहीपुढे बी.ए. लिहिण्याची मला तेव्हा सवय होती. त्या कागदावरही मी ते लिहिले.

नानांना कामावरून कमी केले. ते आपली पत्र्याची पेटी बांधत होते तेव्हा मी गाडीच्या दाराशी उभा होतो. जाताना त्यांनी खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवले. जुन्या चपलेच्या चामड्यातून गोल कापलेला, तेलात भिजवलेला स्टोव्हचा वायसर. त्या दिवशी संध्याकाळी कापून देईन म्हणाले होते, आणि त्या दिवशी संध्याकाळी, इंजिन जाम होऊन गाडी कारखान्यात पडल्यावर, त्यांनी तो कापला होता.

"थोडा घट्ट बठी," ते म्हणाले. "दोन दिनमा व्हई जाई बराबर."

वर्षअखेरीस मी कायम झालो. कोपऱ्याची खोली मला विचारली होती. मी नको म्हणालो आणि त्या नाही म्हणण्याचा मला काही दिवस अभिमानही वाटला. एक पत्र मात्र मी तीनदा लिहिले, चिटणिसांच्या नावे. तिन्ही वेळेला ते फार चांगले लिहिले गेले आणि तिन्ही वेळेला मी ते फाडले.

दोन वर्षांनी संघ सोडून मी धुळ्याला एका हायस्कुलात मास्तर झालो. एका दुपारी आग्रा रोडवरच्या हॉटेलात चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर ट्रकवाले बसले होते. एकजण समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बोट करून म्हणाला, "स्प्रिंगनं काम त्या सुपडूकडे दी टाक."

"हात चांगला शे त्याना," दुसरा म्हणाला. "पन गाडी देवानी नही. पानी न देखता हाकस तो."

त्यांच्या बोलण्यातून मला समजले ते असे. संघातून काढल्यावर नाना तीन-चार मालकांकडे गेले. प्रत्येकाने त्या पाण्याचेच विचारले. गाडी दरीत गेली तर मालक एकवेळ नशिबाला दोष देतो, पण पाणी न पाहता इंजिन जाळणाऱ्याला कोणी पुन्हा स्टेअरिंगवर बसवत नाही. त्या लोकांत याहून वाईट नाव नव्हते. मी संघातली एक नोकरी घालवली असे समजत होतो. मी तीस वर्षांचे नाव घालवले होते. नाना आता त्या लिंबाखाली दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत होते आणि त्यांची बायको अजून धरणगावलाच होती.

तो चहा मी तसाच ठेवून उठलो आणि रस्ता ओलांडला नाही. शाळेत परत गेलो. रस्ता ओलांडायला मला आणखी आठ दिवस लागले.

मी गेलो तेव्हा नाना एका ट्रकखाली होते. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी नाव सांगितले. आतून "हं" असे आले आणि पाना चालत राहिला. मी त्या पायांशी बोललो. तोंडाशी मला बोलता आले नसते. तांब्या, तोटी, बोट, अहवाल, सगळे सांगितले. मध्ये एकदा पाना थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी संपवले तेव्हा ते सरकत बाहेर आले आणि बसून हात पुसू लागले. केस बरेच पिकले होते.

"एक इचारू?" ते म्हणाले. "ते गरम पानी मले मांगं असतं, ते मी दिधं असतं. वरथून वाटीमा काढी दिधं असतं. वर थंडं ओती दिधं असतं. मांगं का बरं नही?"

उत्तर होते, पण ते बोलण्यासारखे नव्हते. कोट घालून व्याख्यान देणाऱ्या मी ड्रायव्हरजवळ दाढीचे पाणी मागायचे, हे मला कमीपणाचे वाटले होते.

"मला क्षमा करा नाना," मी म्हणालो.

"मले सांगीसन काय फायदा? मले त्याच दिन माहीत व्हतं." त्यांनी रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे मान केली. "तठे सांगा."

बाकांवर सहा-सातजण होते. नाना माझ्यामागे येऊन उभे राहिले. वर्गात चाळीस मुलांसमोर रोज उभा राहणारा मी, तिथे मला वाक्य जुळवता येईना. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, ती त्यांना कळेना. मग आमच्या घरच्या बोलीत सांगितले. पानी मी काढलं. तोटी मी ढिली केली. नानांनी इचारलं तर खोटं बोललो. लिहून दिलं तेबी खोटं.

मग एक मफलरवाला म्हणाला, "मास्तर, बी.ए.मा दाढी करानं शिकाडतस का?" आणि बाकीचे हसले. ते हसणे मला सहन करता आले. त्याच्यानंतरचे नाही. एक म्हातारा ड्रायव्हर नानांना म्हणाला, "मंग तू इतला दिन बोलना का नही रे?"

"स्टेरिंगवर मी व्हतू," नाना म्हणाले. "बोट मनंच घालाले पायजे व्हतं. पन आते पानी देखं नही असं म्हनू नका. सुपडू दुसराना इस्वासवर ऱ्हायना, असं म्हना. तेवढी चूक मनी शे."

म्हाताऱ्याने मान हलवली. सरकून बाकावर नानांना जागा दिली. मफलरवाल्याने पोऱ्याला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मास्तरलेबी दे."

"नको," नाना म्हणाले. "साहेबले गाडी पकडनी शे."

मला कोणतीही गाडी पकडायची नव्हती. मी धुळ्यातच, तिथून दोन गल्ल्यांवर राहत होतो, आणि ते मी थोड्या वेळापूर्वी त्यांना सांगितले होते. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि बस-स्टँडच्या दिशेने चालू लागलो.